पूर दैवाने येत नाही!



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी जी धम्मदीक्षा दिली, तीच तुम्ही आता घेतली आहे. बावीस प्रतिज्ञा उच्चारून तुम्ही देवदेवतांचा त्याग केला. मग नाग नदीचे पाणी घरात शिरले की ‘दैवाचा कोप झाला’ असे तुमच्या मुखातून का निघावे? कारणावाचून कार्य घडत नाही, ही तथागतांची शिकवण आहे. पुराचेही कारण शोधले पाहिजे, आणि ते सापडल्यावर त्याचा जाब मागितला पाहिजे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरावर अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली, माणसे दगावली, हजारो घरांत पाणी शिरले. पाऊस मोठा होता, हे खरे. परंतु त्याला मुरावयास जागा कोणी ठेवली होती? रस्ते सिमेंटचे, अंगणे फरशीची, झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट! अंबाझरीच्या सांडव्यासमोरील बांधकामाने प्रवाह अडतो काय, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत न्यावा लागला. याला दैवाचा कोप म्हणणे म्हणजे अपराध्याला देव्हाऱ्यात बसविणे होय.

यावर एकच उपाय सांगितला जातो : गटारे मोठी करा, पाणी झटपट बाहेर काढा. बाबासाहेबांनी हा विचार १९४५ सालीच खोडून काढला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत असता, कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी बोलताना त्यांनी बजावले की, पाणी हे संकट नसून संपत्ती आहे. ते समुद्रात लोटून न देता साठविले पाहिजे. महानदीविषयी जे खरे, ते आपल्या रस्त्याविषयी व अंगणाविषयीही खरे आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने २०११ साली पंचवीस वर्षांची योजना आखून पावसाचे पाणी रस्त्याकडेच्या मातीत व बागांत मुरविण्याचे काम हाती घेतले. नागपुरास ते अशक्य का असावे?

यातील अन्यायही ओळखा. पाणी उताराकडे धावते. वरच्या वसाहतींनी आपली माती फरशीखाली गाडली की त्यांच्या वाट्याचे पाणी नाल्याकाठच्या वस्तीत उतरते. १९२७ पूर्वी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत येऊ दिले जात नव्हते. आज दुसऱ्याचे पाणी आपल्या चुलीवर सोडले जाते, आणि वर ‘अतिक्रमण’ म्हणून हाकलण्याची भाषा आपणासच ऐकविली जाते! २०२३ च्या पुराने बंगलेही बुडविले. मग नियम बंगल्यास आणि झोपडीस सारखाच लागू करा. नदीकाठ अवश्य हिरवा करा; परंतु तेथील कष्टकऱ्यास आधी पक्के घर द्या. हिरवळीच्या नावाखाली हद्दपारी आपणास मान्य नाही.

मागणीबरोबर कृतीही हवी. दानाच्या पैशातून विहाराच्या अंगणात चकचकीत फरशी बसविण्याचा मोह टाळा. शंभर चौरस मीटर अंगणावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी होते. ते इमारतीच्या पायापासून दूर, एका उथळ खड्ड्यात वळवा. आपली काळी माती ओली झाली की पाणी सावकाश पिते; म्हणून तळाशी गिट्टी व वाळू घाला, वर वाळा व गवत लावा, जादा पाण्यास वाट ठेवा. एकदोन दिवसांत पाणी मुरलेच पाहिजे, नाहीतर डास माजतील. एवढ्याने महापूर थांबणार नाही. सांडवे व नाले मोकळे करावेच लागतील. परंतु प्रत्येक अंगणाने आपला वाटा उचलला, तर नाल्यावरील भार हलका होईल, आणि महानगरपालिकेस ताठ मानेने विचारता येईल : आमच्या विहाराने माती मोकळी ठेवली, तुमचा रस्ता केव्हा ठेवणार?

उद्या कोणी मत मागावयास दारी येऊन सिमेंटचा नवा रस्ता अभिमानाने दाखवील. त्या रस्त्याचे पाणी कोणाच्या घरात जाते, तेही दाखवावयास त्यास सांगा.

जय भीम!