सायकलयात्रा कधी काढायची?

मराठवाड्यात गावोगावच्या बायांची सायकलयात्रा काढायची म्हटले की बैठकीत पहिली सूचना येते डिसेंबरची. हवा चांगली, हे खरेच. पण तेव्हा कापूस वेचणीला आलेला असतो आणि वेचणी बाईच करते. शिवाय सहालाच अंधारून येते. मुक्कामाला उशीर झाला की घरचे पुढच्या वेळी पाठवत नाहीत. माझे मत फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्याचे. वेचणी बहुतेक उरकलेली, ज्वारीची काढणी लागायची, सूर्य अर्धा तास उशिरा मावळणारा. (बारावीच्या मुली मात्र परीक्षेमुळे राहतील.) बीडच्या ऊसतोड बाया दिवाळीपासूनच कारखान्यांकडे गेलेल्या असतात. त्यांच्यासाठी रस्ताच कोप्यांवरून काढू या. एक मुक्काम तिथे, त्या फडावरून परतल्यावर भेटता येईल असा.