शेअरमध्ये फसवणूक झाली तर भरपाई मिळते का? 'क्लास अ‍ॅक्शन' समजून घेऊ



7 जानेवारी 2009 रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे चेअरमन रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं, की कंपनीचे हिशोब अनेक वर्षं फुगवून दाखवले होते. त्या एका दिवसात शेअर सुमारे 78 टक्के कोसळला.

सत्यमच्या डिपॉझिटरी रिसीट न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवरही विकल्या जात. तिथल्या गुंतवणूकदारांनी अमेरिकेच्या कोर्टात एकत्र दावा लावला. 2011 मध्ये सत्यमने 12.5 कोटी डॉलर आणि ऑडिटर असलेल्या प्राइसवॉटरहाऊसने 2.55 कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. इकडे बीएसई-एनएसईवर शेअर घेतलेल्या लोकांसाठी गुंतवणूकदारांची एक संघटना ग्राहक आयोगाकडे आणि पुढे सुप्रीम कोर्टात गेली, पण हाती काही लागलं नाही. कंपनी तीच आणि खोटे आकडेही तेच, मग असं का झालं?

अमेरिकेत हे कसं चालतं?

समजा, तुमचं 20 हजारांचं नुकसान झालं. एकट्याने केस लढायची तर वकिलाचा खर्चच त्याहून जास्त होईल. म्हणून एकसारखं नुकसान झालेल्या सगळ्यांचा मिळून एकच दावा लावतात. यालाच क्लास अ‍ॅक्शन म्हणतात.

- दावा दाखल झाला की 20 दिवसांत जाहीर नोटीस द्यावी लागते. त्यानंतर 60 दिवसांत कोणीही मुख्य दावेदार व्हायला अर्ज करू शकतो. 1995 च्या कायद्यानुसार सहसा सर्वात मोठं नुकसान झालेल्याला हा मान मिळतो.
- कोर्ट एक कालावधी ठरवतं. त्या काळात शेअर घेतलेले सगळे आपोआप दाव्यात धरले जातात. नको असेल त्याने बाहेर पडायचं. अ‍ॅपमध्ये एखादं सेटिंग आधीपासूनच ऑन असतं, तसंच हे.
- वकिलाची फी बहुतेक वेळा जिंकलेल्या रकमेतूनच, कोर्टाच्या मंजुरीने मिळते. हरलो तर गुंतवणूकदाराच्या खिशाला झळ नाही.
- बहुतेक केसेस तडजोडीने मिटतात. रक्कम नुकसानीच्या प्रमाणात वाटली जाते आणि सहसा मूळ नुकसानीपेक्षा खूपच कमी असते.

मग भारतात?

सत्यमच्या वेळी आपल्याकडे भागधारकांसाठी असा खास कायदाच नव्हता. तो कंपनी कायदा 2013 च्या कलम 245 मध्ये आला आणि 2016 मध्ये लागू झाला. आता कंपनी, संचालक, ऑडिटर यांच्याकडून एनसीएलटीमध्ये भरपाई मागता येते. लिस्टेड कंपनीसाठी एकूण भागधारकांपैकी 5 टक्के किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढे लोक हवेत. किंवा मग 2 टक्के शेअर भांडवल हातात हवं. बँकांना मात्र हे कलम लागूच नाही.

कागदावर 100 हा आकडा छोटा वाटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर 100 माणसं तासाभरात जमतील. पण माझ्या मते खरी अडचण पैशाची आहे. आपल्याकडे वकिलाला 'जिंकलो तर एवढे टक्के' अशी फी ठरवता येत नाही, बार कौन्सिलचे नियम त्याला परवानगी देत नाहीत. म्हणजे केस उभी करायला आधी कोणीतरी खिशात हात घालायचा. गुंतवणूकदार संरक्षण निधीतून खर्च परत मिळण्याची तरतूद आहे, पण तो नंतर आणि ट्रिब्युनलने मंजूर केला तर. सेबी दंड लावते, तो सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या डिमॅटवाल्या बँक खात्यात नाही.

थोडक्यात, आपण दार बनवलं, पण ते ढकलायचा खर्च ज्याचं आधीच नुकसान झालंय त्याच्यावर टाकला. हे बदलल्याशिवाय 100 चा आकडा 50 केला तरी फारसा फरक पडेल असं मला वाटत नाही.

तुमच्या कामाचं काय?

आयटीत काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांकडे ईएसपीपीमधून किंवा अ‍ॅपवरून घेतलेले अमेरिकन शेअर असतात. तिथे बाजारात शेअर घेतला असेल, तर पुण्यात राहूनही तुम्ही दाव्यात बसू शकता. मात्र लक्षात ठेवा:

1. दाव्यात आपोआप असलात तरी पैसे आपोआप येत नाहीत. मुदतीत क्लेम फॉर्म भरावा लागतो.
2. फॉर्मसोबत खरेदी-विक्रीच्या तारखा, संख्या आणि भाव लागतात. ब्रोकरची स्टेटमेंट्स डाउनलोड करून ठेवा. नोकरी बदलताना तर नक्कीच.
3. खोटेपणा उघड होण्याआधीच शेअर विकला असेल, तर सहसा भरपाई मिळत नाही.
4. 'तुमचा क्लेम मंजूर झाला, आधी फी भरा' असा मेल आला तर तो फ्रॉड समजा. खरा क्लेम भरायला पैसे लागत नाहीत.