टॅब्लेट, जीटी आणि आईचं अक्षर



गेल्या महिन्यात एक टॅब्लेट घेतला. अकरा इंची पडदा, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि वेगळे पैसे मोजून पेन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की ॲपलवाले विरुद्ध अँड्रॉइडवाले असा सामना सुरू होतो आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला.

आधी नेहमीचं उरकून घेतो. ऑफिसच्या कामाला हा प्रकार बिनकामाचा. कीबोर्ड जोडला की त्याचा लॅपटॉप होतो म्हणतात. होतो, पण मग लॅपटॉपने काय घोडं मारलंय? टर्मिनल आणि शेजारी ब्राउझर उघडला की जागेची मारामारी. वाचायला मात्र एकदम झकास. स्कॅन केलेली जुनी मराठी पुस्तकं फोनवर वाचणं म्हणजे किल्लीच्या भोकातून दिवाणखाना बघणं. इथे अख्खं पान समोर येतं. पिक्चर, गाणी, भारतातल्या मंडळींशी व्हिडिओ कॉल, सगळं छान. पण एवढ्यासाठी कोणी नवीन घेऊ नये, घरातला जुना पुरतो.

माझा मुद्दा पेनाचा आहे.

महाराष्ट्रात इंजिनियरिंग केलेल्यांना जीटी मारणं म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी: जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. एक काच, तिच्याखाली दिवा, काचेवर मित्राची पूर्ण झालेली ड्रॉइंग शीट, त्यावर आपली कोरी शीट, आणि उद्या सकाळी सबमिशन. टॅब्लेट हातात घेतल्यावर मला पहिल्यांदा तीच काच आठवली. खालून उजेड, वरून पेन.

तसं बघितलं तर पेनाची कल्पना नवी नाही. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्येच टॅब्लेट पीसी आणला होता, त्याला पेन होतं. यंत्रं जड आणि महाग, फार चालली नाहीत. २००७ मध्ये आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्सने स्टायलसची चक्क टिंगल केली. बोटं असताना काडी कशाला, असा एकूण सूर. २०१० चा आयपॅडही बोटांच्याच भरवशावर आला. २०१५ मध्ये मात्र त्याच ॲपलने पेन्सिल काढली, आणि २०१९ मध्ये पेन आणि रेघ यांच्यातलं अंतर २० मिलिसेकंदांवरून ९ वर आणलं. आकडा किरकोळ वाटतो, पण सगळा खेळ त्याचाच आहे. रेघ पेनामागे रेंगाळली की हात बिचकतो आणि अक्षर बिघडतं.

बोटाने बघता येतं, निवडता येतं, लिहिता येत नाही. लिहायला मग कीबोर्ड. आणि आपला कीबोर्ड म्हणजे काय? इन्स्क्रिप्ट शिकलेले किती जण भेटतात? आपण बहुतेक जण मराठी शब्दाचं डोक्यात इंग्रजी स्पेलिंग करतो, ते टाइप करतो, आणि यंत्र त्याचं परत मराठी करून देतं. म्हणजे पुण्याहून साताऱ्याला जायचं, व्हाया लंडन. वर्षानुवर्षं हेच केल्यावर 'ज्ञ' हे अक्षरसुद्धा आधी स्पेलिंग म्हणून आठवतं. पेनाने लिहायला बसलो आणि मधलं लंडन गळालं. या एका गोष्टीसाठी मी या यंत्राला पूर्ण मार्क देईन.

यंत्राला आपलं हस्ताक्षर वाचता येतं का? येतं, बऱ्यापैकी. गूगलने २०१५ मध्ये काढलेल्या हस्ताक्षराच्या कीबोर्डात ८२ भाषा होत्या, देवनागरी लिपीही होती. पण देवनागरी यंत्राला सोपी नाही. 'कि' लिहिताना बरेच जण पहिली वेलांटी आधी काढतात, युनिकोडमध्ये ती 'क'च्या नंतर साठवली जाते. शिरोरेघ कोणी अक्षरागणिक देतं, कोणी शब्द संपल्यावर, कोणी देतच नाही. (मोडीवाले हुशार. आधी रेघ ओढून घ्यायचे आणि मग हात न उचलता लिहीत सुटायचे.) शिवाय मराठीचं स्वतःचं दुखणं आहेच. मी 'दऱ्या' लिहिलं, उमटलं 'दर्या'. डोंगर चढायला निघालेला माणूस थेट समुद्रात.

आई सध्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीत आली आहे. फोनवर टाइप करायचा तिला वैताग येतो, म्हणून मावश्यांना व्हॉइस मेसेज पाठवते. तिच्या हातात पेन दिलं. तिने पानाच्या डोक्यावर ॥ श्री ॥ लिहिलं, उजव्या कोपऱ्यात तारीख घातली आणि सरळ पत्रच लिहायला लागली. दोन पानं झाल्यावर मी उत्साहाने मजकूर टाइपात बदलायचं बटण दाबलं. वर उमटलं '११ श्री ११'.

"हे अकरा कुठून आले रे?"

हसून झालं. मग मी दोन्ही पानं शेजारी ठेवून बघितली. एवढं सोडलं तर मजकूर तोच होता. पण आईचा हात आता थोडा कापतो, तिच्या 'ळ'ची गाठ पूर्वीसारखी गोल येत नाही. हॉस्टेलवर असताना एसटीने डबा यायचा, त्यात चिठ्ठी असायची, त्या चिठ्ठीतला 'ळ' मला पाठ आहे. टाइपातल्या पानावर यातलं काहीच नव्हतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: घरच्यांच्या हस्ताक्षराचं टाइप करायच्या भानगडीत पडू नका. नंतर सापडावं म्हणून फाइलच्या नावात तारीख आणि विषय टाका, पुरे. उद्या सॉफ्टवेअर सुधारेल, अकराचे दंड होतील, दऱ्याही जागेवर येतील, तरी माझं मत बदलायचं नाही. मीटिंगच्या नोट्स असतील तर खुशाल बदला, त्यांच्या अक्षरावर कोण जीव टाकतंय!

मुलीचं आणखी वेगळं. ती सात वर्षांची आहे, रविवारच्या मराठी शाळेत जाते. आजी एका लेयरवर मोठं अक्षर काढते, तो लेयर फिका करायचा, आणि मुलगी वरच्या लेयरवर गिरवते. म्हणजे जीटीच, फक्त यावेळी राजरोस. पडद्यावरच्या फॉन्टमध्ये 'ल' हिंदी वळणाचा, दंडाचा येतो. आजी पाकळ्यांचा काढते. युनिकोडमध्ये दोघांचा कोड एकच, आकार फॉन्ट ठरवतो. मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' असं महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये ठरवून दिलंय. मुलीला शासन निर्णयाशी देणंघेणं नाही, ती आजीचा 'ल' काढते.

आता एक व्यवहाराची गोष्ट. ही पानं नोट्सच्या ॲपमध्येच पडू देऊ नका. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकंसुद्धा उघडेनाशी झाली. पैसे परत दिले, ठीक आहे. आईच्या पत्राचा रिफंड कोण देणार? युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये लिहिलेली एखादी मराठी फाइल कोणाकडे असेल तर टॅब्लेटवर उघडून बघा, नुसती रोमन अक्षरांची भाजी दिसते. मी दर रविवारी सगळ्याची पीडीएफ करतो आणि दोन ठिकाणी ठेवतो.

ता. क. काचेवर पेन फार घसरतं. कागदासारखा खरखरीतपणा देणारी फिल्म मिळते, पण तिने पेनाचं टोक लवकर झिजतं म्हणे. कोणी लावली असेल तर जरूर कळवा. आई म्हणते, कागद जरा करकरल्याशिवाय लिहिल्यासारखं वाटत नाही.