‘वय झालं’ म्हणणं आता पुरे



आज थोडं तिखट लिहिणार आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं तातडीचं ऑपरेशन झालं, म्हणजे आतड्याला पीळ पडला, हर्निया अडकला किंवा खुबा मोडला, की भेटायला येणाऱ्या दहांतल्या आठ जणी एकच वाक्य बोलतात. “आता वय झालं हो, पडून राहू द्या.” माझं म्हणणं असं की या वाक्याने ऑपरेशनपेक्षा जास्त नुकसान होतं.

वय म्हणजे ताकद नव्हे. आमच्या आंधळगावात सत्तरी ओलांडलेली माणसं कोशाच्या हातमागावर बसलेली मी पाहिली आहेत, आणि साठीत उंबरा ओलांडताना भिंत धरणाऱ्या बायकाही. शरद पवारांना मार्च २०२१ मध्ये पित्तनलिकेतल्या खड्यामुळे तातडीने एंडोस्कोपी करावी लागली, एप्रिलमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते ८० वर्षांचे होते. २०२४ ला ते परत प्रचारात! राजकारण बाजूला ठेवा, मी वयाचं बोलते आहे.

आपण ज्याला ‘अंगात कस उरला नाही’ म्हणतो त्याला डॉक्टर फ्रेल्टी म्हणतात. कॅनडातल्या डॉ. केनेथ रॉकवूड यांच्या चमूने २००५ मध्ये त्याची एक मोजपट्टी काढली, आता ती १ ते ९ अशी असते. तिच्यात विचारतात ते असं : आजारी पडण्याच्या दोन आठवडे आधी हे माणूस काय काय करत होतं? बाजार, स्वयंपाक, पैशाचे व्यवहार, आंघोळ स्वतः की दुसऱ्याच्या हाताने? ब्रिटनमध्ये ४९ रुग्णालयांतल्या, पोटाचं तातडीचं ऑपरेशन झालेल्या ६५ वर्षांवरच्या ९३७ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात दर पाचांत एक जण असा दुर्बल निघाला, आणि वय जमेला धरूनही दुर्बलांचा मृत्यूचा धोका बराच जास्त आढळला. म्हणून डॉक्टरांना नुसतं “७८ वर्षांच्या आहेत” सांगू नका. “पंधरा दिवसांपूर्वी चालत मंदिरात जात होत्या” हे सांगा. ते घरच्या बाईलाच माहीत असतं.

आता पडून राहण्याचं. २००७ मध्ये अमेरिकेत काही निरोगी वृद्धांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं. पायांचं जवळजवळ एक किलो मांस झडलं. निरोगी माणसांचं! मग टाके पडलेल्या सासूबाईंचं काय होत असेल? खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी उभं करतात ते उगाच नाही. आणि आपण काय करतो? फिजिओथेरपीची पोरगी आली की “आज राहू दे बाई, दुखतंय त्यांना” म्हणून तिला परत पाठवतो. याला माया म्हणतात?

मी बी.कॉम. बाई, जमाखर्च मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. आजारातून उठणाऱ्या वृद्धाला दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या बाईला निदान साठ ग्रॅम. आपण देतो पेज, पातळ वरण, मऊ भात, संध्याकाळी चहा. वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅम, ग्लासभर दुधात सहा-सात. दिवसाची बेरीज पंचवीसवर जात नाही. रोजची पस्तीसची तूट, आणि ती भरून निघते मांड्यांच्या मांसातून. भांडवल मोडून खाणं दुसरं काय असतं?

धर्म आड येतो म्हणू नका. तीन ग्लास दूध, शंभर ग्रॅम पनीर, घट्ट वरणाच्या दोन वाट्या, मूठभर शेंगदाणे : झाले साठ. कांदा नाही, बटाटा नाही, द्विदलही पाळलं जातं. अडचण सूर्यास्ताची आहे. हॉस्पिटलचं ताट रात्री आठला येतं, चौविहार पाळणारी बाई ते परत पाठवते आणि दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत उपाशी राहते. तर पाचच्या आत घरून मुगाचं घट्ट धिरडं आणि पनीर पोचवा. (पोटाचं ऑपरेशन असेल तर खाणं कधी सुरू करायचं ते सर्जन सांगतील, आणि किडनीचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण विचारून घ्या.)

अजून एक. दागिन्यांबरोबर चष्मा, कवळी आणि कानाचं मशीनही ‘हरवेल’ म्हणून घरी नेऊन ठेवतात. मग ती बाई ना पाहू शकते, ना चावू शकते, ना ऐकू शकते. रात्री बरळायला लागली की म्हणायचं, बाहेरचं झालं. ऑपरेशननंतर वृद्धांना असा भ्रम होतो, ते डॉक्टरांना लगेच सांगायचं असतं. दागिने न्या, कवळी राहू द्या.

सगळ्यात जास्त राग मला एका गोष्टीचा आहे. “आता औषधपाणी पुरे, धर्मध्यान करू द्या,” असं म्हणताना काही घरांत सल्लेखनेचं नाव घेतात. सल्लेखना हे व्रत आहे. ते ज्याचं त्याने, शुद्धीत, गुरूंच्या साक्षीने घ्यायचं. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात म्हातारपण, आजार वगैरे प्रसंग सांगताना अट घातली आहे ती ‘प्रतिकार नसेल तर’ अशी. अडकलेल्या हर्नियाला प्रतिकार आहे. मोडलेल्या खुब्यालाही आहे. मुलाने आणि सुनेने सोफ्यावर बसून आईच्या वतीने घेतलेल्या निर्णयाला सल्लेखना म्हणू नका. आई शुद्धीत असेल तर तिला विचारा. तिने स्वतः नको म्हटलं तर तो तिचा अधिकार, पण तिला कोणी विचारतच नाही.

पैशाचं कारण असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. योजनेतल्या रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा इलाज. ते आधारवर निघतं. पोटात कळ उठल्यावर रात्री मोहाडी, भंडारा, नागपूर अशी धावपळ सुरू असताना नव्हे, या आठवड्यात सासूबाईंचं काढून घ्या. तुमची सत्तरी झाली असेल तर स्वतःचंही.