भौतिकोपचार कोणासाठी?

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की महाराष्ट्रातील घराघरांतून दरवर्षी एक ठराविक उतरंड वाचली जाते. आधी एम.बी.बी.एस., ते हुकले तर दंतवैद्यक, मग आयुर्वेद, होमिओपॅथी आणि अगदी शेवटी, 'निदान दवाखान्याचा कोट तरी अंगावर चढेल' अशा समजुतीच्या सुरात, भौतिकोपचार म्हणजे फिजिओथेरपी. या शाखेच्या पदवीलाही राज्यात 'नीट' ही परीक्षा द्यावीच लागते. त्यामुळे बहुसंख्य विद्यार्थी या विद्येच्या दारात येतात ते दुसऱ्या दारातून परत फिरून. ज्या विद्येत माणसाला पुन्हा उभे करण्याचे सामर्थ्य आहे, तिची ओळख तरुणांना अपयशाच्या रांगेत व्हावी, ही आपल्या समाजाच्या मूल्यकल्पनांची चुणूक आहे. शरीर झिजवणाऱ्याची किंमत नाही, तर ते झिजलेले शरीर सावरणाऱ्याची कोठून असणार?

हा विद्यार्थी, आणि बहुतेक ठिकाणी ही विद्यार्थिनी, पुढे काय शिकते हे पाहण्यासारखे आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा अभ्यासक्रम आजवर साडेचार वर्षांचा राहिला. चार वर्षे अध्ययनाची आणि सहा महिने आंतरवासितेचे. पहिल्या वर्षी शरीररचना व शरीरक्रिया. नंतर व्यायामोपचार, विद्युतोपचार, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र. पुढे अस्थिरोग, मज्जासंस्था, हृदय व फुफ्फुसे यांचे विकार आणि शेवटी समाजातील भौतिकोपचार. पुस्तकी भाग कष्टाने साधतो. खरी परीक्षा हातांची असते. स्नायूची शक्ती शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजायला तिला शिकवतात. शून्य म्हणजे स्नायूत हालचालीची खूणही नाही. एक म्हणजे बोटांखाली जाणवणारे केवळ स्फुरण. दोन म्हणजे गुरुत्वाकर्षण बाजूला सारले, अवयव आडवा टेकवला, तर हालतो. तीन म्हणजे स्वतःच्या वजनाविरुद्ध तो वर उचलला जातो. पाच म्हणजे निरोगी माणसाची ताकद. दोनपासून तीनपर्यंतचे अंतर कागदावर एका आकड्याचे आहे. अर्धांगवायूने पडलेल्या माणसाच्या आयुष्यात ते कित्येक आठवड्यांचे असू शकते. त्या आठवड्यांत रुग्ण चिडतो, रडतो, 'आता काही होणार नाही' म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. अशा वेळी त्याच्या खाटेशी रोज येऊन बसणे आणि तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून घेणे, हे या विद्येचे मर्म आहे. त्यासाठी लागणाऱ्या चिवटपणाची चाचणी कोणतीही प्रवेशपरीक्षा घेत नाही.

ही विद्या आपल्याकडे आली ती हौसेने नव्हे, गरजेने. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी एकत्र येऊन मर्दनचिकित्सेची प्रतिष्ठा राखण्यासाठी संस्था स्थापली. पुढे पहिल्या महायुद्धातून पांगळे होऊन परतलेल्या सैनिकांनी या शास्त्राला व्यवसायाचे रूप दिले. मुंबईत ते काम पोलिओने केले. १९५०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पोलिओग्रस्त मुलांचा प्रश्न उग्र झाला, तेव्हा भारत सरकार, मुंबई महापालिका व जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने परळच्या के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे देशातील पहिले विद्यालय निघाले. त्याच रुग्णालयात १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केलेले होते. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंनी महाराष्ट्राला आपले मानले आणि अपंगांच्या पुनर्वसनाला भूतदयेच्या कक्षेतून काढून शास्त्राच्या कक्षेत आणले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या रुग्णालयात गिरणगावातला कामगार येत असे, तेथे, सार्वजनिक पैशातून, या विद्येचा पाया घातला गेला. ती जन्माने सार्वजनिक आहे.

पोलिओ आता गेला. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये आढळला आणि मार्च २०१४मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. परंतु पांगळेपणा संपला असे कोणी समजू नये. त्याने रूप बदलले. रक्तदाब व मधुमेह यांबरोबर अर्धांगवायू खेड्यात पोचला. मोटारसायकलींच्या अपघातांनी तरुणांचे पाय मोडले. भाजलेल्या स्त्रियांचे हात आखडून छातीला चिकटले. आणि श्रमिकांच्या पाठी व गुडघे तर कोणत्याच नोंदवहीत नसतात. ऊसतोडणी कामगार कोयता घेऊन दिवसभर वाकतो, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. आपल्या बाजारपेठांतील हमाल त्यानंतरही वर्षानुवर्षे शंभर किलोचे पोते पाठीवर घेत राहिले, आणि पोत्याचे वजन कमी व्हावे यासाठी बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीला लढावे लागले. त्या पाठीच्या मणक्यांचे काय झाले, हे पाहण्यासाठी मात्र कोणी भौतिकोपचारतज्ज्ञ बाजार समितीच्या आवारात बसलेला नव्हता.

१९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात अवयवांचे दर होते. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, असा त्यातला हिशेब. गेलेल्या अवयवाची किंमत कायद्याने ठरवली, हे त्या काळी पुढचे पाऊल होते यात शंका नाही. पण उरलेल्या चार बोटांनी पुन्हा हत्यार धरायला त्या कामगाराला कोण शिकवणार, हा प्रश्न कायद्याने विचारला नाही, आणि बहुतेक कामगार संघटनांनीही तो मागणीपत्रात घातला नाही. भरपाईवर भांडण झाले, पुनर्वसनावर क्वचितच.

आता त्या विद्यार्थिनीकडे परत यावे. सरकारी किंवा महापालिकेच्या महाविद्यालयात जागा मिळाली तर तिचे भाग्य. अशी महाविद्यालये राज्यात फारच थोडी आहेत. बाकीचे शिक्षण खासगी संस्थांच्या हाती असून तेथील फी वर्षाला लाखांत मोजली जाते. जुलै २०२४मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण व परीक्षा फी पूर्णपणे माफ करण्याचा निर्णय काढला. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु खासगी अभिमत विद्यापीठे त्यातून वगळली आहेत, आणि वसतिगृह, खानावळ, पुस्तके यांचा खर्च फीमाफीच्या बाहेरच राहतो. 'नीट'च्या शिकवणीसाठी लातूरला किंवा दुसऱ्या कोठे दोन वर्षे काढण्याचा खर्च तर त्याआधीच झालेला असतो. आंतरवासितेच्या काळात ही मुलगी पूर्ण दिवस काम करते; कित्येक खासगी महाविद्यालयांत त्याबद्दलचे विद्यावेतन नाममात्र असते किंवा मिळतच नाही, ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे. राष्ट्रीय आयोगाने २०२५ साली देशभरासाठी आखलेल्या अभ्यासक्रमात पदवी पाच वर्षांची व आंतरवासिता वर्षभराची केली आहे. शिक्षणाच्या दृष्टीने ते योग्यच म्हणावे लागेल, कारण हात सहा महिन्यांत तयार होत नाहीत. मात्र विद्यावेतनाची सक्ती नसेल तर वाढलेले सहा महिने हे गरीब घराच्या डोक्यावर वाढलेले कर्जच ठरेल.

पदवी हाती आल्यावर पुढे तीन वाटा दिसतात. एक मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयाची, जेथे सुरुवातीचा पगार शिक्षणावर झालेल्या खर्चाशी कोणतेही नाते सांगत नाही. दुसरी, घरोघरी जाऊन उपचार करण्याची किंवा स्वतःचे केंद्र काढण्याची. येथे उत्पन्न बरे, पण गिऱ्हाईक तेच ज्याला प्रत्येक बैठकीचे पैसे मोजता येतात. तिसरी परदेशाची. अमेरिकेत या व्यवसायात शिरण्यासाठी आधी पदवी आणि त्यावर तीन वर्षांची डॉक्टरेट लागते. तेथे जाणाऱ्या आपल्या पदवीधरांना शिक्षणाचे मूल्यमापन, बहुधा काही पूरक अभ्यासक्रम आणि परवान्याची परीक्षा या चाळणीतून जावे लागते. तरीही मुले जातात. त्यांना देशप्रेमाचे धडे देण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यांनी येथे कोणत्या नोकरीवर राहावे, हे मात्र धडे देणारे सांगत नाहीत.

कारण चौथी वाट जवळजवळ नाहीच. ग्रामीण भागातील सरकारी नोकरी ती हीच. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कर्मचारीवर्गात भौतिकोपचारतज्ज्ञाला स्थान नाही. वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयात तशी जागा कल्पिली; पण अशा कार्यक्रमांतील नेमणुका बहुधा कंत्राटी व तुटपुंज्या मानधनाच्या असतात, आणि कंत्राटावरचा माणूस कायमच्या नोकरीची जाहिरात शोधत बसतो. शासनाच्या आरोग्य विमा योजनांचा भर रुग्णाला दाखल करून करावयाच्या उपचारांवर आहे. शस्त्रक्रियेचा खर्च निघतो. त्यानंतर तीन महिने रोज करावयाच्या व्यायामाचा निघत नाही. गुडघ्याचे प्लास्टर काढून रुग्ण गावी जातो, गुडघा वाकत नाही म्हणून उकिडवे बसता येत नाही, बसता येत नाही म्हणून खुरपणीची मजुरी जाते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे कागद म्हणतो आणि मजूर बेकार होतो. अर्धांगवायूच्या रुग्णाची स्थिती याहून वाईट. पहिले आठवडे मोलाचे असतात. ते मालिशवाल्याच्या आणि अंगारेधुपाऱ्यांच्या हाती जातात. घरची माणसे मायेपोटी लुळा हात ओढून त्याला उठवतात आणि खांदा निखळवतात. हे अज्ञान त्यांचे म्हणावे, तर त्यांना सांगणारे माणूस वीस कोसांत नाही.

याच काळात वर्तमानपत्रांतून या व्यवसायाची चर्चा झाली ती कशावर? नावापुढे 'डॉक्टर' लावावे की नाही यावर. ९ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने भौतिकोपचारतज्ज्ञांनी ती उपाधी लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. दोन्ही बाजूंनी जो आवेश दिसला, त्याच्या दशांशाने जरी तो तालुका रुग्णालयांतील पदांसाठी दिसता तर बरे झाले असते. उपाधीचा आग्रह समजण्यासारखा आहे. उतरंडीत खाली ढकललेला माणूस पाटीवर तरी बरोबरी मागतो. वैद्यक व्यवसायातील वरिष्ठांना रुग्णाच्या दिशाभुलीची जी काळजी एकाएकी वाटू लागली, ती खासगी रुग्णालयांची बिले पाहताना का वाटत नाही, हा प्रश्न येथे विचारला तर तो अप्रस्तुत ठरू नये.

कायदा नाही असेही नाही. महाराष्ट्राने व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा कायदा २००२चा म्हणून केला. संसदेने २०२१ साली सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. त्याची अंमलबजावणी इतकी रेंगाळली की ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली. नोंदणी, आयोग, प्रमाणपत्र या सर्वांची तरतूद आहे. तालुक्याच्या ठिकाणी कायम पगारावर एक माणूस आणि एक खोली यांची मात्र नाही. या उपचाराला महागडी यंत्रे लागतात हाही खासगी केंद्रांनी पसरवलेला समज आहे. सतरंजी, दोन समांतर बार, भिंतीतले चाक व दोरी, काही वजने आणि शिकलेले हात एवढ्यावर बहुतेक काम होते.

जिल्हा परिषदांत, नगरपालिकांत आणि ग्रामीण रुग्णालयांच्या रुग्ण कल्याण समित्यांवर जे पुरोगामी कार्यकर्ते बसतात, त्यांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कायम पद मंजूर करण्याचा ठराव, सरकारी महाविद्यालयांतील जागांत वाढ, आंतरवासितेतील काही महिने पूर्ण विद्यावेतनासह तालुक्यात काढण्याची व्यवस्था, साखर कारखान्यांच्या तळांवर गळीत हंगामात आठवड्यातून एक दिवस तपासणी, या मागण्या आजच्या चौकटीतही मांडता येतात. सुरुवात करायला समितीच्या पुढच्या सभेत दोन आकडे मागावेत. गेल्या वर्षात अर्धांगवायूचे व अस्थिभंगाचे किती रुग्ण येथून घरी पाठवले, आणि त्यांपैकी किती जण महिन्याभराने पुन्हा येथे तपासले गेले. पहिला आकडा रुग्णालयाच्या वहीत सापडेल. दुसऱ्यासाठी वहीच ठेवलेली नसेल, तर ती ठेवण्याचा ठराव त्याच सभेत मांडावा.