घाटावर आपणही चालू

“दिवसभर राबतो, आणखी फिरायचं कशाला?” वस्तीतल्या मायबहिणी विचारतात. पण धुण्याभांड्यात कंबर वाकते, खांदे भरून येतात; मोकळं चालणं होत नाही. तथागतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले, त्यांत निरोगी राहणं आणि खाल्लेलं पचणंही आहे. बीपी-शुगरवाल्यांना डॉक्टर आज तेच सांगतात: आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला.

नांदेडात गोदाकाठी नगिना घाट, गोवर्धन घाट आहेत. २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यावेळी सरकारी, म्हणजे आपल्याही पैशातून हा काठ सुधारला. तरी आमच्या बाया कामाला जाताना पुलावरूनच नदी बघतात. रविवारी तरी चार घरांनी मिळून घाटावर जावं. (लातूरकरांना नदी लांब, त्यांनी मैदान गाठावं.) पहाटे दिवे नसतील, संडासाला कुलूप असेल, तर सह्यांचं निवेदन घेऊन नगरसेवकाकडेही चालतच जाऊ.