आधी पाणी, मग परवानगी
बदलापुरातल्या घरमालकांना, भाडेकरूंना आणि इथे घर शोधणाऱ्यांना जाहीर आवाहन



हे पत्रक नव्याने राहायला येणाऱ्यांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. आपण जवळपास सगळेच इथे बाहेरून आलो. कुणी लालबाग-परळच्या चाळीतून, कुणी डोंबिवलीत भावाभावांत वाटण्या झाल्यावर, कुणी कोकणातून नाहीतर मराठवाड्यातून थेट. लग्न ठरलं, दादर-ठाण्याचा भाव विचारून झाला, मुलुंडही हाताबाहेर गेलं, आणि मध्य रेल्वेच्या नकाशावर बोट कर्जतच्या दिशेने सरकत सरकत बदलापूरवर थांबलं. स्वतःच्या नावाचं घर असावं असं वाटण्यात काही गैर नाही. जो उद्या येईल त्यालाही तो हक्क आहे. आमचं भांडण घर घेणाऱ्याशी नाही, घर बांधणाऱ्याशीही सरसकट नाही. पाणी, गाडी, शाळा आणि दवाखाना यांचा हिशेब न करता इमारतीमागून इमारतीला परवानगी देत जाण्याच्या पद्धतीशी आहे.

2001 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती. 2011 ला ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. दहा वर्षांत पाऊणपट वाढ! त्यानंतर मोजणीच नाही. 2021 ची जनगणना पुढे ढकलली गेली आणि ती आता 2027 पर्यंत लांबली आहे. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. 2011 च्या मोजणीनंतर या शहरात जन्मलेलं एकही मूल देशाच्या जनगणनेत नाही. आज जे मूल सातवी-आठवीत आहे, ज्याची आई सकाळी त्याचा डबा भरून मग स्वतः गाडी पकडते, ते सरकारच्या त्या खात्यात अजून जन्मलेलंच नाही.

पण नगरपरिषदेला जनगणनेची वाट बघायचं कारण काय? जन्मनोंद तिच्याकडे, मालमत्ता कराची आकारणी तिच्याकडे, किती इमारतींना बांधकाम परवानगी दिली आणि किती इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र दिलं याच्या फायलीही तिच्याकडे. शाळांचे पट शिक्षण खात्याकडे आहेत. हे चार कागद एका टेबलावर ठेवले तर पुढच्या पाच वर्षांत किती कुटुंबं येणार, त्यांतली किती मुलं पहिलीत बसणार आणि किती पाणी लागणार, याचा अंदाज कुठलाही कनिष्ठ अभियंता बांधू शकेल. हा अंदाज जाहीरपणे मांडलेला आम्हाला हवा आहे.

आता घराच्या किमतीबद्दल. स्टेशनबाहेर हातात कोंबल्या जाणाऱ्या जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. ‘ऑल इन पॅकेज’, ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’, ‘साइट व्हिजिटला मोफत गाडी’. चिखलोली स्थानक व्हायच्या आधीच त्याच्या नावावर घरं खपतात. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो 14 कागदावर आहे, तिच्याही नावावर खपतात. वडोदरा-मुंबई महामार्गाचा बोगदा आपल्या डोंगराखालून जातो म्हणून फुटामागे भाव वाढतो. जे झालेलं नाही त्याचे पैसे ग्राहक आज मोजतो आणि त्यावर व्याजही भरतो. समजा, 30 लाखांचं कर्ज काढलं, साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी. हप्ता महिना सुमारे 26 हजार. फिटेपर्यंत साडेबासष्ट लाखांच्या आसपास रक्कम बँकेत गेलेली असते. तिशीतल्या जोडप्याचं अर्ध्याहून अधिक कमावतं आयुष्य त्या एका वन बीएचकेला बांधलेलं असतं.

आणि हे झालं नुसत्या घराचं. त्यात पाण्याच्या टँकरची वर्गणी नाही, रिक्षाचं शेअर भाडं नाही, पाळणाघराची फी नाही. बदलापूर स्वस्त आहे असं जे म्हणतात त्यांनी ही बेरीज एकदा करून पाहावी. घर स्वस्त वाटतं कारण उरलेली किंमत ताब्यानंतर, महिन्यामहिन्याला, गिऱ्हाइकाकडूनच वसूल होते.

पाण्याचं घ्या. आपल्याला पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पुरवतं. उल्हास नदीच्या बॅरेजवरून ते उचललं जातं. बारवी धरण इथून हाकेच्या अंतरावर, पण ते औद्योगिक विकास महामंडळाचं आणि त्यावर जिल्ह्यातली किती शहरं आणि कारखाने अवलंबून आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. नदी तीच, पंप तेच, आणि नळाला तोंड लावणाऱ्या इमारती दरवर्षी वाढत्या. उन्हाळ्यात वरच्या भागातल्या सोसायट्यांत काय होतं ते पाहा. सेक्रेटरीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी ‘आज पाणी अर्धा तासच’ असा निरोप येतो. ज्यांच्या घरी कुणी नाही त्यांची टाकी रिकामी राहते, कारण नवरा-बायको दोघंही गाडीत असतात. संध्याकाळी टँकर येतो, त्याची पावती सोसायटीच्या फाइलला लागते आणि तिमाहीच्या देखभाल खर्चात प्रत्येकाच्या माथी पडते. दहा-बारा वर्षं कर भरणारं कुटुंब टँकर मागवतं आणि समोरच्या प्लॉटवर नव्या टॉवरच्या पायासाठी बोअरवेल खोदली जाते.

गाडीचं तर सगळ्यांच्या अंगावर लिहिलेलं आहे. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 68 किलोमीटर. जाऊन-येऊन तीन तास नुसते लोकलमध्ये, घरापासून स्टेशन आणि स्टेशनपासून ऑफिस वेगळं. अंबरनाथची माणसं जागेसाठी उलट्या दिशेने बदलापूरपर्यंत येतात, म्हणून बदलापूर लोकल फलाटाला लागते तेव्हा ती अर्धी भरलेली असते. मग दारात भांडणं होतात. ही भांडणं अंबरनाथकर आणि बदलापूरकरांची नाहीत, अपुऱ्या गाड्यांची आहेत. ऑगस्ट 2022 मध्ये साध्या लोकल काढून त्यांच्या जागी एसी लोकल आणल्या, तेव्हा कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांनी आवाज उठवला आणि रेल्वेला त्या दहा फेऱ्या आठवड्याभरात मागे घ्याव्या लागल्या. ही ताकद आपल्यात आहे. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका, जेमतेम चौदा किलोमीटरची, मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या (एमयूटीपी) 3-ए टप्प्यात 2019 ला मंजूर झाली. त्या चौदा किलोमीटरची वाट पाहता पाहता मार्गाच्या दोन्ही बाजूंना किती मजले चढले, ते खिडकीतून पाहा. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून माणसं पडून गेली. ती घरी परतणारी नाहीतर कामावर निघालेली, दाराला लटकलेली, आपल्यासारखीच माणसं होती.

आता आम्हाला ज्याची सर्वांत जास्त काळजी वाटते त्याबद्दल. हे तरुण शहर आहे. आपापल्या इमारतीतच पाहा: बहुतेक दारांवर तिशी-चाळिशीतली नावं, आत एक किंवा दोन लहान मुलं, क्वचित गावाहून आलेली आई. एकाच वयाची माणसं एकाच दशकात एका गावात आली की त्यांच्या गरजाही एकदमच येतात. आज सगळ्यांना बालवाडी हवी. पाच वर्षांनी सगळ्यांना माध्यमिक शाळा हवी, दहा वर्षांनी कॉलेज, पंधरा वर्षांनी जवळपास नोकरी. आणि तीस वर्षांनी या सगळ्या इमारतींत एकदमच गुडघे दुखू लागतील, तेव्हा तीन-चार मजल्यांच्या बिनलिफ्टच्या जुन्या सोसायट्यांत काय होणार? जुन्या शहरात गरजा थोड्या थोड्या येतात, इथे लाटेने येतात. लाट कधी येणार ते आधीच कळतं, कारण तिची नोंद जन्मनोंदीच्या रजिस्टरात होते. तरी शाळेच्या प्रवेशासाठी एप्रिलमध्ये रांगा लागतात, मोठ्या आजारासाठी उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय नाहीतर कल्याण-ठाणे गाठावं लागतं.

20 ऑगस्ट 2024 ला हजारो लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि दिवसभर गाड्या थांबल्या. एका शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराचा तो संताप होता, आणि त्या गुन्ह्याची तुलना पाण्या-रस्त्याशी आम्ही करणार नाही. पण रुळांवर उभे होते ते कोण? लहान मुलांचे आई-बाप. सकाळी सातला मूल कुणाच्या तरी ताब्यात देऊन रात्री साडेआठला घरी पोचणारी माणसं. हे शहर अशा माणसांचं आहे आणि त्याच्या योजना त्यांना समोर ठेवूनच व्हायला हव्यात.

मुलांसाठी जागा कागदावर राखलेल्या असतात. विकास आराखड्यात शाळा, मैदान, उद्यान, दवाखाना अशी आरक्षणं पडतात. पण प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 नुसार आरक्षित जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द होतं. मालकाचं म्हणणं चुकीचं नाही, त्याची जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? चूक त्यांची, ज्यांनी त्या वेळेत पैसे उभे केले नाहीत. प्रत्येक बांधकामावर विकास शुल्क गोळा होतं. ते आपल्याच घराच्या किमतीतून गेलेलं आहे. ते किती जमलं आणि त्यातून किती मैदानं ताब्यात आली, हे विचारायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

नदीचा मुद्दा थोडक्यात, कारण तो पावसाळ्यात स्वतःच बोलतो. 2005 ला आणि पुन्हा 2019 ला उल्हास नदीच्या पुराने काय केलं ते हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवलीच्या लोकांना सांगावं लागत नाही. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. नदीच्या पूररेषा दोन: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा बदला, पुन्हा मोजा, अशी मागणी वारंवार होते. मोजणी जरूर व्हावी, पण नदी कागद वाचून वळत नाही. पूररेषेच्या आत घर घेणाऱ्याला ही गोष्ट नोंदणीच्या आधी, लेखी कळली पाहिजे. बदलापूरच्या ज्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची नदीकाठची झाडं भरावाखाली जाताना पाहणं हे वेगळं दुःख.

कुणी म्हणेल, पाणी नाही म्हणून परवानगी रोखणं कायद्यात बसत नाही. आपल्याच जिल्ह्यात ते घडलेलं आहे. 2015 ला कचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना मनाई केली होती. 2017 ला घोडबंदर रोडवर पाणी नाही म्हणून ठाण्यात नव्या परवानग्यांना चाप लावला होता. तिथे लोकांना कोर्टात जावं लागलं. आपल्यावर ती वेळ येऊ नये.

आमची मुख्य मागणी एकच आहे. ज्या भागात रोजचं पाणी पुरत नाही, त्या भागात जीवन प्राधिकरणाने क्षमता वाढल्याचं लेखी सांगेपर्यंत नव्या इमारतींना बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र देऊ नये. ज्यांचं बांधकाम सुरू आहे, ज्यांनी घराचे पैसे भरले आहेत, त्यांना याचा फटका बसता कामा नये. त्यांचं भोगवटा प्रमाणपत्र वेळेत मिळालं पाहिजे. या निर्णयाबरोबर पूररेषेचा नकाशा, आरक्षणांची सद्यस्थिती आणि विकास शुल्काचा हिशेब प्रभागवार वेबसाइटवर टाकावा. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 हे न मागताच करायला सांगतं. 2020 पासून पाच वर्षांहून अधिक काळ इथे प्रशासक होते, प्रश्न विचारायला सभागृह नव्हतं. डिसेंबर 2025 च्या निवडणुकीनंतर ते सभागृह आहे. नगरसेवक कुठल्याही पक्षाचा असो, त्याने या मागणीवर उभं राहून बोलावं.

आणि जे आज घर पाहायला येत आहेत, त्यांच्यासाठी. सॅम्पल फ्लॅटच्या फॉल्स सीलिंगला भुलू नका. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक स्वतः टाकून पाहा, आणि बांधकाम परवानगी नगरपरिषदेत जाऊन खरी आहे का ते तपासा. डोंबिवलीतल्या 65 इमारतींमधल्या लोकांनी रेरा क्रमांक पाहूनच घरं घेतली होती, त्या क्रमांकामागची बांधकाम परवानगीची कागदपत्रं बनावट निघाली आणि पाडण्याचे आदेश त्यांच्या दारावर आले. दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याशिवाय देऊ नका, कायद्याने ती घेताच येत नाही. भाव विचाराल तो कार्पेटचाच विचारा. आणि सेल्समनला नको, शेजारच्या पाच वर्षं जुन्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा: मे महिन्यात पाणी किती वेळ येतं?

आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत वरच्या मागणीचा ठराव घ्या. तो लेटरहेडवर, अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीने, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे नगरपरिषदेत द्या, त्याची एक प्रत जीवन प्राधिकरणाच्या कार्यालयात आणि एक आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे. ज्यांच्या सोसायटीची नोंदणी झालेली नाही त्यांनी रहिवासी म्हणून सह्या गोळा करून द्या. भाडेकरूंच्याही सह्या घ्या, पाणी त्यांनाही लागतं. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

आपले,
बदलापूर पूर्व आणि पश्चिमेचे काही रहिवासी